डोमाकाकाची पुष्पवृष्टी

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पत्रिकेवर खुशबूचं नाव होतं, नाही असं नाही. पण ते शोधायला चष्मा लागत होता. सगळ्यांत वर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'प्रमुख उपस्थिती : कर्नल रुखमाबाई अलोणे, सैनिकी नर्सिंग सेवा (निवृत्त)'. त्याखाली डोमाकाकाचा मोबाइल नंबर, त्याखाली 'ड्रोनद्वारे धान व कपाशीची फवारणी करून मिळेल', आणि मग उरलेल्या जागेत नवरा-नवरी. पत्रिका डोमाकाकानंच छापून आणली होती.

तशी अलोणे घराण्याच्या दृष्टीनं त्यात चूक काही नव्हती. महिनाभर घरात जी धावपळ चालली होती ती साक्षगंधाची नव्हतीच, ती आत्याची होती. नर्सिंग शिकलेली खुशबू सैन्यातल्या नर्सिंगची परीक्षा पास झाली, मुलाखत झाली, मेडिकल झालं, पंधरा मार्चला पंजाबातल्या सैनिकी दवाखान्यात हजर व्हा असा हुकूम आला, आणि त्याच आठवड्यात वडसाहून संघपालचं स्थळ आलं. संघपाल शाळेत शिक्षक होता आणि हिवाळ्यात नाटक कंपनीत इन्स्पेक्टरचं काम करायचा. गेली चार वर्षं तो शेवटच्या अंकात येऊन 'हॅन्ड्स अप' म्हणत होता. स्वभावानं गरीब. त्याच्या सुकलूमामांची अट एकच होती, पोरगी जिल्ह्याबाहेर नोकरी करणार नाही.

आई म्हणाली, लग्न. डोमाकाका म्हणाला, सैन्य. बाबा म्हणाले, "बाई येऊ दे."

'बाई येऊ दे' हे वाक्य या घरात खुशबूपेक्षा जुनं होतं. बाई म्हणजे बाबांची मोठी बहीण, रुखमाआत्या. विहीर कुठं खणायची, डोमाचं दुसरं लग्न करायचं की नाही, बैल विकून ट्रॅक्टर घ्यायचा की ट्रॅक्टर विकून बैल, सगळं बाईवर थांबायचं. बाई त्या वेळी लेहमध्ये असायची, नाहीतर आसामात. कारगिलच्या लढाईत ती काश्मीरच्या दवाखान्यात कॅप्टन होती आणि रोज जखमी उतरवून घेत होती. तिथंही तिला बाबांचं कार्ड पोहोचलं होतं की गोठ्याचं तोंड पूर्वेला करू की उत्तरेला. बाईनं उत्तर कळवलं होतं. बाईनं सांगितलेल्या जागी विहिरीला पाणी लागलं नाही, तेव्हाही घरच्यांनी दोष विहिरीला दिला.

खुद्द खुशबूला कोणी विचारलं असतं तर तिनंही तेच सांगितलं असतं, आत्या येऊ दे. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की ती रोज पहाटे पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर धावायला जायची आणि घरी दूध आणायला गेले होते म्हणून सांगायची. दूध घरच्याच म्हशीचं होतं, पण आईनं तो प्रश्न अजून काढला नव्हता. आत्या 'जा' म्हणणार, याबद्दल खुशबूला शंका नव्हती. जी बाई स्वतः गेली, ती दुसरं काय म्हणेल?

आत्या सकाळी नऊला चंद्रपूरहून जीपनं आली. पांढरी सुती साडी, कापलेले केस, पायात धावायचे बूट, हातात खाकी बॅग. समाजभवनापुढच्या मांडवात तिनं एक नजर फिरवली. माणसांकडे ती वॉर्डातल्या खाटांकडे पाहावं तशी पाहायची, कोण भरती, कोणाला सुट्टी.

"जयभीम, बाई!" डोमाकाका धावत आला. "अर्धा घंटा थांब फक्त. मंग तुले भवनाच्या पायरीवर उभं राह्याचं आहे. काही विचारू नको."

"काऊन?"

"सरप्राइज आहे."

"डोमा, मागच्या सरप्राइजमध्ये तुझं लग्न होतं."

"हे त्याच्याहून चांगलं आहे," डोमाकाका म्हणाला, आणि मांडवामागं पळाला.

वडसाचे पाव्हणे सतरंजीवर बसले होते. मध्यभागी सुकलूमामा, साठीचे, टक्कल तेल लावून चकचकीत केलेलं, आणि आपल्याला कुठं बसवलं, लोडाशी बसवलं की नाही, लोडाचा अभ्रा धुतलेला आहे की नाही, हे सगळं मनात नोंदवत असलेले. त्यांच्या बाजूला संघपाल, नव्या शर्टात. पार कोपऱ्यात भवनाच्या भिंतीला टेकून त्याची आजी.

खुशबू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा आत्या पायरीवर बसली होती.

"चहा तू देऊन राह्यली?"

"हो, आत्या."

"दे. मी पाह्यतो."

खुशबूनं चहा दिला. आधी सुकलूमामा, मग त्यांचे थोरले जावई, मग संघपालचे काका, मग बाकीचे, मग बायका, शेवटी आजी. एक थेंब सांडला नाही. सुकलूमामा म्हणाले, "वळण चांगलं आहे पोरीले." आईचा चेहरा फुलला.

आत्यानं भावाला, भावजयीला, डोमाला आणि खुशबूला भवनाच्या मागच्या खोलीत बोलावलं. तिथं माईक, सतरंज्या आणि मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीचे उरलेले झेंडे असायचे. बाबा माईकच्या पेटीवर बसले. बाकीचे जज्जाच्या समोर आल्यासारखे ओळीत उभे राहिले.

"पोरगी जाणार नाई," आत्या म्हणाली.

डोमाकाकानं कानात बोट घालून फिरवलं.

"बाई, जरा जोरात सांग," डोमाकाका म्हणाला. "मले वाटलं तू नाई म्हटलं."

"नाईच म्हटलं."

आई इतके दिवस नणंदेशी लढायला पदर खोचून तयार होती. आता तो पदर घेऊन काय करावं ते तिला कळेना. तिनं त्यानंच तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसन. मी गरम पोळी करून आणतो. तूप लावून." ही तीच आई होती जिनं कालच म्हटलं होतं की कर्नल असेल तर तिच्या घरची, इथं पाण्याचा तांब्याही तिनं स्वतः भरून घ्यावा.

"पण काऊन, आत्या?" खुशबूचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी पास झाली. मेरिटमधी आली."

"परीक्षेत काय विचारलं?"

"सगळंच. एकदम खूप जखमी आले तं कोणाले आधी पाह्याचं, तेही."

"काय लिहिलं?"

"जो जास्त सिरियस त्याले."

"बराबर. कारगिलच्या टायमाले," आत्या म्हणाली, "हेलिकॉप्टर उतरलं की पडवी भरून जाये. एक मेजरसाहेब आला होता, बोट तुटलं होतं त्याचं. असा बोंबलून राह्यला होता की दिल्लीले ऐकू जावाव. माझा साळा कोण आहे मालूम आहे काय, म्हणे. अन् दाराजवळ एक पोरगा, गढवालचा. गप्प. मी गेली त्याच्याकडे तं मलेच म्हणे, सिस्टर, पहले साहब को देख लो. पोटात छर्रे होते त्याच्या."

"तू त्याले पाह्यलं आधी."

"पाह्यलं. मेजरसाहेबानं वर कंप्लेंट केली. तीन महिने चौकशी चालली." आत्यानं भाचीकडे पाहिलं. "आता सांग. तिकडे कोपऱ्यात बसली ती आजी कशी होती?"

खुशबूनं हातातला रिकामा ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "तिले घाम आला होता. हात थरथरून राह्यले होते."

"म्हणजे पाह्यलं होतं तू."

"संघपालजी सांगत होते, तिले शुगर आहे. सकाळी गोळी घेऊन निघाली, खाल्लं काही नाई."

"पाह्यलं, समजलं, अन् चहा तिले शेवटी दिला."

"सुकलूमामा मानाचे आहेत, आत्या. त्याईले आधी दिला नसता तं..."

"तेच तं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शुगर उतरली होती तिची, मी साखर दिली मघाशी. बरी आहे. तू हुशार आहेस, हात चांगला आहे. पण तू सगळ्याईले खुश ठेवतेस. लढाईत सगळ्याईले खुश ठेवणारी नर्स म्हणजे मेजरसाहेबाची नर्स. दाराजवळचा पोरगा मरते, अन् मंग ती पोरगी जलमभर झोपत नाई. अशा दोघी पाह्यल्या मी. लगन कर. सुकलूमामाले चहा दे."

बाबा पेटीवरून उठले. "ठीक आहे. बाईनं सांगितलं." त्यांच्या चेहऱ्यावर कष्टाचं काम संपल्याचं समाधान होतं.

खुशबूला बोलायचं होतं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण आत्या बरोबर होती ही मोठी अडचण होती. ती मान खाली घालून बाहेर आली, आणि रिकामे कप गोळा करायला लागली. ते करतानाही तिनं आधी सुकलूमामांचा उचलला. ते लक्षात येऊन तिला स्वतःचाच इतका राग आला की कपाचा कान तुटला.

"मंग माझ्या पुष्पवृष्टीचं काय?" डोमाकाका मागून म्हणत होता. "बॅटरी चार्ज करून ठेवली आहे मी."

पुष्पवृष्टीची कल्पना त्यानं टीव्हीवरून घेतली होती. हेलिकॉप्टर दवाखान्यावरून फुलं टाकत जातं आणि खाली नर्सा उभ्या. डोमाकाकाकडं हेलिकॉप्टर नव्हतं, फवारणीचा ड्रोन होता, खाटेएवढा. त्याच्या युरिया फेकायच्या डब्यात त्यानं पहाटेपासून झेंडूच्या पाकळ्या भरल्या होत्या. भवनाशेजारी काटेसावरीचं मोठं झाड होतं, फेब्रुवारीचं लालभडक फुललेलं, आणि त्याच्या फांद्यांना आग्या मोहोळं लटकलेली. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच भवनात फटाके वाजवायला बंदी होती, बँडला बंदी होती, डीजेला तर होतीच. ड्रोनला नव्हती, कारण बंदीचा ठराव झाला तेव्हा गावात ड्रोन नव्हता. डोमाकाका कायद्याच्या बाहेर एक इंचही गेला नाही.

"बाई, पायरीवर ये! वर पाह्य!"

झेंडू पडला, हे मान्य करायलाच हवं. सुंदर पडला. सुकलूमामांच्या टकलावर पडला, आजीच्या मांडीवर पडला, कढईतल्या भज्यांवर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ड्रोन वळताना सावरीत घुसला. घरघर वाढली. सगळ्यांना वाटलं ड्रोनची आहे, पण ड्रोन तेव्हा फांदीत अडकून केव्हाच बंद पडला होता.

"आत!" आत्या ओरडली. "तोंड झाका! हात हलवू नका! सगळे आत!"

सुकलूमामांचे दोन्ही गुडघे गेलेले होते, त्यांना मांडवापर्यंत दोघांनी धरून आणलं होतं. भवनात सगळ्यांच्या आधी तेच पोहोचले. मागून पाव्हणे, पोरं, बाया, डोमाकाका रिमोट हातात धरून. खुशबूनं आजीला कवेत घेऊन ओढलं. दारं लागली, खिडक्या लागल्या. बाहेर काळा धूर हलावा तशा माशा हलत होत्या.

"बुधू कुठी आहे?" आईनं विचारलं.

बुधू आचारी बाहेरच होता. मांडव कापडाचा, भट्टीवर तेल कडकडलेलं, म्हणून तो आधी गॅस बंद करत बसला होता. खिडकीच्या फटीतून दिसलं, त्यानं गॅस बंद केला, झाकण ठेवलं, आणि मग गुडघ्यावर बसला.

आत्यानं सतरंजी उचलून डोक्यावर घेतली आणि दार उघडून गेली. खुशबू तिच्यामागं होती. आपण गेलो कधी हे तिला आठवत नाही. त्याच सतरंजीवर घालून दोघींनी बुधूला ओढत आणलं. डोमाकाकानं दार लावलं, आणि उशिरा का होईना, कामाचं एक केलं. दाराच्या तोरणाचा ओला पाला खिडकीखाली पेटवून धूर केला.

भवनात जत्रेतल्यासारखा कल्ला होता. जो तो आपापली सूज दुसऱ्याला दाखवत होता.

"शेले आण," आत्या खुशबूला म्हणाली. "मानाचे."

पाव्हण्यांना घालायच्या शेल्यांचं गाठोडं डोमाकाकानंच बांधलं होतं. त्यानं हिशोब लावला होता, लाल शेले खास मानाच्यांना, पिवळे सोयऱ्यांना, हिरवे राहिलेल्यांना. कोणाला कोणता, हे दोन्ही घरांत आधीच फुटलं होतं.

"लाल म्हणजे आत्ता पाह्याचं," आत्या म्हणाली. "पिवळा म्हणजे थोड्या वेळानं. हिरवा म्हणजे बोलू शकते, चालू शकते. गळ्यात घालत जा. तू ठरव. मी इथी बसतो." ती प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली. "गुलाब, गाडी बोलाव. एकशेआठ." बाबा फोन लावायला धावले.

खुशबूनं लाल शेला बुधूला घातला. आजीला पिवळा, मानेवर चावल्या होत्या. एका लहान पोरीला पिवळा. संघपालच्या ओठावर आणि दोन्ही पापण्यांवर चावल्या होत्या. त्याचा चेहरा फुगून पपईसारखा झाला होता, पण श्वास मोकळा होता. तिनं हिरवा पुढं केला. त्यानं दिसत नसतानाही मान वाकवून घालून घेतला, आणि चाचपडत मामांकडं जाऊन त्यांच्या टकलातले काटे नखानं काढायला लागला.

मामांना हिरवा घातला तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या.

"हे काय?" सुकलूमामा म्हणाले.

"शेला, मामाजी."

"आचाऱ्याले लाल, अन् मले हिरवा?"

"हो जी."

"माझ्या जावयाले?"

"त्याईले पण हिरवा."

"पिवळा तरी घाल त्याले," मामांच्या मागून कोणी तरी कुजबुजलं. "जावई आहे." दसरू नावाचा लांबचा पाव्हणा, ज्याला एकही माशी चावली नव्हती, पिवळा शेला घालून बसला होता. तो त्याला कुठं मिळाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सुकलूमामा उभे राहिले. "माझ्या डोक्यात आग होऊन राह्यली. मले आधी पाहा. नाई तं मी उठलो, की हे साक्षगंध उठलं, समजून घ्या."

आईनं खुशबूचा दंड धरला. "पाह्य वं त्याईले. दोन मिनिटं तं लागन." बाबाही हात जोडून मान हलवत होते, पाह्य, पाह्य. बुधू सतरंजीवर ओकत होता.

खुशबूला दिसलं की तिचे पाय खरोखरच मामांकडं वळले आहेत. लहानपणापासून ते तसेच वळत आले होते. तिनं त्यांच्याकडं खाली पाहिलं, पायांकडं, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत.

"तुम्ही उठून उभे राह्यले, मामाजी," ती म्हणाली. "उठता येते म्हणूनच हिरवा दिला. बसा."

मामा बसले. त्यांनाही आश्चर्य वाटलं.

बुधूची नाडी तिनं धरली. भरलेली होती, जोरात चालली होती. छाती मोकळी. तो ओकत होता आणि मधल्या वेळात डोमाकाकाच्या ड्रोनच्या आईबापाला शिव्या देत होता. विष पुष्कळ गेलं होतं, सलाईन हवं, दवाखाना हवा, पण शिव्या स्पष्ट होत्या. "आत्या, बीपी पाह्यू काय?"

"पाह्य," आत्या म्हणाली.

खुशबूनं आत्याच्या बॅगेतलं बीपीचं यंत्र काढून लावलं. "एकशेदहा आहे. कुशीवर करू?"

"कर."

"आत्या, पिवळ्याईले आता पाह्यतो."

आत्या काही बोलली नाही.

हॉलमध्ये चाळीस माणसं एका वेळी कण्हत होती, भांडत होती, मोबाइलवर चंद्रपूरच्या नातलगांना आपला सुजलेला कान दाखवत होती. एकच माणूस गप्प होतं. खुशबू वळली.

आत्या तशीच ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर. मानेवर लाल चट्टे उठले होते, ओठ जाड झाले होते. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती.

"तुले कुठी चावलं, आत्या?"

"मले काही... नाई झालं." एका वाक्यासाठी तिनं दोनदा श्वास घेतला. "बॅगेत... ॲड्रिनॅलिन आहे. एकच. बुधूले दे."

खुशबूनं तिचं मनगट धरलं. नाडी दोऱ्यासारखी, धावणारी.

"बुधूले नको आहे ते. ॲलर्जी तुले उठली, तुले पाह्यजे."

"बुधूले." आत्याचे डोळे अजून कर्नलचे होते. "हुकूम आहे."

बाबा जवळ आले होते. "बाई सांगून राह्यली तं दे ना वं बुधूले," ते म्हणाले. बहिणीकडं त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं, आयुष्यात कधी पाहायची गरज पडली नव्हती. दवाखान्याला आजारी पडता येतं असं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"तू रिटायर झाली, आत्या," खुशबू म्हणाली. "झोप."

तिनं आत्याला खुर्चीवरून सतरंजीवर घेतलं, पाय लोडावर ठेवले, आतही सुकलूमामांनीच पटकावलेल्या लोडावर, त्यांच्या पाठीमागून ओढून. इंजेक्शन भरलं, अर्धं. साडीवरूनच मांडीत टोचलं. मग गाठोड्यातला लाल शेला काढून आत्याच्या अंगावर टाकला, आणि तेव्हा कुठं हॉलमधला आवाज बंद झाला.

"बाईले लाल?" बाबा म्हणाले. ते एकदम खाली बसले. "बाईले?"

बाबांनी बहिणीच्या पायातला बूट सोडायला घेतला. गाठ पक्की होती, ती त्यांना सुटेना. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाठ स्वतः सोडवली. डोमाकाका भिंतीकडं तोंड करून उभा होता, रिमोट अजून हातात. खुशबू नाडी धरून बसली. शिट्टी वाजत राहिली. मग जरा कमी वाजली. मग थांबून थांबून वाजली.

आत्यानं डोळे उघडले.

"अर्धंच दिलं?"

"अर्धं ठेवलं. पुन्हा लागलं तं."

आत्या छताकडं पाहत राहिली. तिथं 'स्वागतम'ची पताका होती. "हूं," ती म्हणाली.

एकशेआठ आली तेव्हा माशा बऱ्याचशा झाडाकडं परतल्या होत्या. बुधूला आणि आत्याला आत घेतलं, आत्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. सुकलूमामाही निघाले होते, पण गाडीवाल्यानं त्यांच्या गळ्यातला शेला पाहून त्यांना उतरवलं, त्याला तो कोणी समजावूनही सांगितला नव्हता.

बाबा दाराला धरून उभे राहिले. रडून त्यांचे डोळे संघपालइतकेच सुजले होते, तरी जुनी सवय सुटत नव्हती. "बाई, आता तरी सांग. पोरीचं काय कराव?"

आत्यानं मास्क वर उचलला. "गुलाब, मले वाटते..."

खुशबूनं मास्क तिच्या हातातून घेऊन परत तोंडावर बसवला आणि दोरी घट्ट केली. "बोलाचं नाई."

आत्या नाही बोलली. अलोणे घराण्यात बाईचं वाक्य अर्ध्यावर राहिल्याची ही पहिलीच वेळ होती. दाराशी जमलेली माणसं त्या अर्ध्या वाक्याकडं पाहत उभी राहिली.

"'मले वाटते जाऊ द्या', असंच म्हणून राह्यली होती बाई," डोमाकाका म्हणाला.

"'मले वाटते लगन करा'," सुकलूमामा म्हणाले. "मी जवळच होतो."

"तिले काय वाटते ते ती बरी झाल्यावर विचारा," खुशबू गाडीच्या पायरीवरून म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही. "मी जाऊन राह्यली. पंधराले."

"मंग आमचं काय?" मामांनी विचारलं. "साक्षगंधाचं?"

"ते संघपालजी सांगतीन. मी नोकरी सोडणार नाई, लगनाले नाई म्हटलं नाई मी." तिनं संघपालकडं पाहिलं. त्याला ती दिसत नव्हती. "अजी, आजीले घंट्याभरात काही खायला द्या. अन् मानेवर बर्फ."

"हो जी," संघपाल म्हणाला. सुजलेल्या ओठांतून ते 'फो जी' असं आलं.

"चाल रे, संघपाल!" मामा आपल्या गाडीकडं निघाले.

संघपाल बर्फ शोधायला भवनात गेला. वाटेत तो दाराऐवजी खांबाला धडकला, खांबाला सॉरी म्हणाला, आणि आत शिरला.

बाबा आईकडं पाहायला लागले. बाई गाडीत, आता घरात विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. आईच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या, गालावर एक माशी चावून गेली होती. ती बराच वेळ पोरीला न्याहाळत होती. खुशबूच्या हातात सलाईनची बाटली होती, आणि दोन्ही पाय गाडीत होते.

"पंजाबात मार्चमधी थंडी असते काय वं?"

"सकाळी असन, आई."

"मंग ते निळं स्वेटर उन्हात टाकाव लागन. कसर लागली असन त्याले," आई म्हणाली, आणि बाबांचा हात बाजूला करून गाडीचं दार तिनं स्वतः लावून घेतलं.